निवाऱ्यातला रोजचा दीड तास: पूर असो की ऊन, खेळातून शिकणं चालू कसं ठेवायचं

विदर्भातल्या नदीकाठच्या गावांना पूर नवा नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेनं भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतची गावं पाण्यात घातली. २०२२ च्या जुलैत वर्धा नदीकाठची पाळी आली. भामरागडला तर पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की गाव तुटतंच, आणि हे बहुतेक पावसाळ्यांत होतं. अशा वेळी नाव, दोर, ताडपत्री, खिचडीचा गंज यांचा विचार गाव झटपट करतं. मुलांचा विषय निघतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तोही मुलं सगळ्यांच्या पायात येऊ लागली म्हणून.

अंगणवाडी ताई, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी-मॅडम, बचत गटातल्या बाया आणि गावात बसून असलेली बारावी झालेली पोरं-पोरी यांच्यासाठी हे लिहितो आहे. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. निवाऱ्यात रोज एकाच वेळी, एकाच जागी, त्याच दोन माणसांनी दीड तास मुलांना घेऊन बसायचं. कोणता खेळ घ्यायचा हे त्यानंतर येतं. घर गेलेल्या मुलाचा दिवस कुठून सुरू होतो नि कुठे संपतो याचा पत्ता नसतो. जेवण कधीही येतं, साहेब कधीही येतात, आई कधी पंचनाम्याला तर कधी रांगेत असते. त्यात 'खिचडीच्या आधी आपला खेळ' एवढी एक गोष्ट रोज ठरल्यासारखी झाली, तर मूल त्या वेळेची वाट पाहायला लागतं. चार दिवस भारी कार्यक्रम करून पाचव्या दिवशी गायब होणाऱ्या मंडळींपेक्षा रोज तेच गाणं म्हणणारी मदतनीस ताई बरी.

जून महिन्यातच एक पोतं भरून ठेवा

पूर आल्यावर साहित्य शोधायला जाऊ नका. शाळा उघडायच्या सुमारास युरियाचं नव्हे, धान्याचं स्वच्छ पोतं घ्या आणि त्यात भरा: खडूचे दोन डबे, आठ-दहा पाट्या, दोरी, चिंध्यांचे चार-पाच चेंडू, शे-दोनशे चिंचोके, बाटल्यांची झाकणं, नदीतले गुळगुळीत गोटे, जुने पेपर, एक शिट्टी, साबण, दोन वह्या नि पेन. सगळं आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग पोत्यात. पोतं अंगणवाडीच्या खोलीत जमिनीवर ठेवलं तर पहिल्यांदा तेच भिजेल. माळ्यावर टाका किंवा गावातल्या उंचावरच्या घरी ठेवा. ते कुठे आहे हे किमान तिघांना माहीत असू द्या.

शहरातून खेळण्यांचे खोके येतातही. येऊ द्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. दोनशे मुलांत वीस बाहुल्या आल्या की खेळ कमी आणि भांडणं जास्त होतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा शिंपले, बिया, पानं, काड्या हेच त्यांचं साहित्य होतं. त्याच्या आठ वर्षं आधी, १९३७ मध्ये, आपल्या वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरून हातानं काम करत शिकण्याचा विचार गांधीजींनी मांडला होता. चिंचोक्यावर गणित शिकवणं ही तडजोड आहे असं मानायचं कारण नाही.

जागा आणि माणसं

निवारा बहुधा शाळेतच असतो, नाहीतर समाजमंदिरात, बुद्धविहारात किंवा मंगल कार्यालयात. पहिल्याच दिवशी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटून एक खोली किंवा व्हरांड्याचा एक कोपरा मुलांच्या नावानं राखून घ्या. एकदा तिथे तांदळाची पोती रचली की ती हलत नाहीत. शाळेतच निवारा असेल तर याचा दुसरा फायदा असा की पाणी उतरल्यावर निदान त्या खोलीत वर्ग लगेच भरवता येतो.

मुलं बसवण्याआधी जागा स्वतः फिरून बघा. ओल आलेली वायर, उघडी विहीर, फुटलेली काच. पुरानंतर साप-विंचू कोरड्या जागी येतात, म्हणून कोपऱ्यातले लाकूडफाटे आणि कुटाराचे ढीग काठीनं हलवून पाहा. संडासाला जायची वाट कुठून आहे तेही बघून ठेवा. लहान मुलींना एकटं पाठवू नका.

मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं हवीत, त्यात एक तरी बाई. एकट्या माणसाकडे मुलं सोपवायची नाहीत, मग तो कितीही ओळखीचा असो. वहीत रोज नाव, वय, गाव-टोला, कोणी आणून सोडलं आणि कोण घेऊन गेलं एवढं लिहा. एखादं मूल नातेवाइकांशिवाय आलं असेल तर पोलीस पाटलांना लगेच कळवा आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. 'मी घेऊन जातो, माझ्या साळ्याचं पोरगं आहे' म्हणणाऱ्याच्या हाती मूल देऊ नका, पटलं नाही तर भांडण झालं तरी चालेल.

दीड तासाची घडी

सुरुवातीची दहा मिनिटं गोल करून गाणं आणि हजेरी. हजेरीत नाव घेतलं की मुलानं 'हजर' न म्हणता एखादा आवाज काढायचा: बैलाचा, पावसाचा, एसटीचा. लाजरं मूलही यात येतं.

मग अर्धा तास अंग हलवायचं: लंगडी, बिल्लस (खडूनं आखलेल्या घरांतून उड्या), दोरीउड्या, मामाचं पत्र हरवलं. रात्रभर दाटीवाटीत झोपलेल्या मुलांना पहिली गरज पळण्याची असते. त्यांना आधी 'शांत बसा' सांगितलं तर पुढचा तास वाया गेला म्हणून समजा.

त्यानंतर पाऊण तास छोट्या गटांत बसून हाताचे नि डोक्याचे खेळ. याविषयी खाली सविस्तर लिहितो.

शेवटची पाच मिनिटं रोज तेच निरोपाचं गाणं आणि साबणानं हात धुणं, कारण पुढे खिचडी आहे. वेळ कमी पडला तर मधलं कापा, सुरुवात आणि शेवट कापू नका.

अष्टाचंगा: एका पाटात अर्धं गणित

खडूनं फरशीवर पाच बाय पाच घरांचा चौकोन आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली मारा. चार चिंचोके दगडावर एका बाजूनं घासून पांढरे करा. हे घासायचं काम मुलांनाच द्या, हात बराच वेळ गुंतून राहतात. चिंचोके टाकल्यावर जितके पांढरे वर, तितके दान. चारही पांढरे म्हणजे चंगा, चार. एकही पांढरा नाही म्हणजे अष्टा, आठ. चंगा किंवा अष्टा पडला की पुन्हा टाकायचं. प्रत्येकाच्या चार सोंगट्या आपल्या बाजूच्या फुलीतून निघतात, बाहेरच्या घरांतून फिरतात, मग आतल्या आठ घरांत शिरतात आणि मधल्या घरात पोचतात. कोणाची तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. फुलीवर बसलेल्याला मारता येत नाही.

गावागणिक नियम थोडे बदलतात. दोन टोल्यांची मुलं एकत्र आली की 'आमच्याकडे असं नाही खेळत' म्हणून वाद होतो. तो वाद लगेच मिटवू नका. त्यांनीच बसून नियम ठरवावेत आणि तिसरी-चौथीतल्या एखाद्यानं ते पाटीवर लिहावेत. लेखनाचा याहून चांगला तास सापडणार नाही, कारण लिहिलेलं चुकलं तर लगेच कोणीतरी ओरडतं.

पहिली-दुसरीचं मूल यात दान मोजतं आणि घरं पुढे जातं. ते प्रत्येक घर बोटानं मोजत असेल तर मोजू द्या. दोन-तीन दिवसांत ते एकदम तीन घरं उडी मारायला लागेल. तिथे तुम्ही फक्त एक प्रश्न टाका: 'घरात जायला अजून किती पाहिजे?' हीच वजाबाकी. तिसरी-चौथीच्या मुलाला विचारा, 'तुझी एक सोंगटी निघाल्यापासून घरात जाईपर्यंत किती घरं चालते?' पाटावर घरं २५, निघायचं घर सोडलं की २४. चार सोंगट्यांची मिळून ९६. हे त्याला सांगू नका, बोट फिरवून शोधू द्या. सहावी-सातवीच्या मुलांना चिंचोके शंभरदा टाकून कोणतं दान किती वेळा पडलं याच्या रेघा मारायला लावा. सहसा २ भरपूर पडतात आणि ८ क्वचित. का, यावर ती तासभर डोकं घालतात.

आणि एक गोष्ट, जी निवाऱ्यात गणिताहून महत्त्वाची आहे: या खेळात हरलेला पुढच्या डावात जिंकतो आणि मेलेली सोंगटी पुन्हा निघते.

गोट्यांचा खेळ मुलींना येतोच. पाच गोटे, एक वर उडवायचा आणि खालचे चार उचलायचे: आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. चाराची फोड कशी होते हे त्यांच्या बोटांना आधीच ठाऊक असतं. तुम्ही ती फक्त पाटीवर लिहून दाखवा. मुलांनाही बसवा, ती चुकतात आणि मुली खूश होतात. बिल्लसच्या घरांत आकड्यांऐवजी अक्षरं लिहिली की वाचनाचा खेळ झाला. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

भाषा: झडत्या, बैल आणि घरची बोली

पोळा श्रावण अमावास्येला येतो, म्हणजे ऐन पुराच्या दिवसांत. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा, लाकडी बैलांचा. निवाऱ्यात लाकडी बैल कुठून येणार? पण उंचवट्यावरची चिकणमाती आणून बैल करता येतात. पुराच्या गाळाची माती घेऊ नका, त्यात काय काय वाहून आलेलं असतं. बैल झाले की लहान-मोठे लावा, जोड्या लावा, पाय मोजा: एका बैलाचे चार, दोघांचे आठ, तिघांचे बारा. चारचा पाढा आपोआप तयार होतो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या आणून गाडीही करता येते, पण फवारणी झालेल्या शेतातली काडी नको.

मग झडत्या. आपल्या भागात पोळ्याला झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या चार-दोन ओळी, म्हणायची रीत मुलांना पाठ असते. त्यांना म्हणा, आज नवी झडती करा, निवाऱ्याची. अशी काहीतरी निघेल:

वरून पाणी, खालून पाणी,
शाळेत राहाले आली नानी,
खिचडीत डाळ शोधावी कोनी,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

शेवटची ओळ ज्यांना म्हणायची नसेल त्यांनी आपली वेगळी करावी. एका निवाऱ्यात सगळ्या घरांची मुलं असतात. यमक जुळवताना मुलं शब्द शोधतात, खोडतात, पुन्हा म्हणून बघतात. मोठ्यांनी शेवटी लिहून घ्यायचं आणि भिंतीवर लावायचं. दुसऱ्या दिवशी आपलीच झडती वाचायला सगळी भिंतीशी जमतात, ज्यांना नीट वाचता येत नाही तीसुद्धा. खिचडीवर टीका झाली म्हणून कोणी रागावलं, तर रागावू द्या.

गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, मेळघाटात कोरकू, गोंदिया-भंडाऱ्याकडे पोवारी, झाडीपट्टीत झाडीबोली. मूल घाबरलेलं असताना घरच्याच बोलीत बोलतं. 'मराठीत बोल' म्हणू नका. वस्तू हातात धरा, तिला घरी काय म्हणतात ते मुलाकडून शिका, ते देवनागरीत पाटीवर लिहा आणि बाजूला शाळेतला मराठी शब्द लिहा. पंधरा-वीस शब्द जमले की त्यांच्या चिठ्ठ्या करून जोड्या लावण्याचा खेळ होतो. वऱ्हाडीत 'मले नाई येत' म्हणणाऱ्या पोरालाही हाच न्याय.

मुलं पूरच खेळतात तेव्हा

मातीचं घर बांधायचं, वर तांब्याभर पाणी ओतायचं, घर पाडायचं, हसायचं. मोठ्यांना हे पाहवत नाही आणि 'असं अभद्र नको खेळू' म्हणून ती पाठीत धपाटा घालतात. खेळू द्या. जे अंगावर आलं ते या वेळी मूल स्वतःच्या हातानं आणतं आणि स्वतःच थांबवतं. शेजारी बसा. चार-पाचदा तेच झालं आणि मूल तिथेच अडकलंय असं वाटलं तर सोडवण्याचा एक धागा पुढे करा: कागदाची नाव ठेवा, किंवा 'टेकडीवर कोणाचं घर आहे?' असं विचारा. बहुतेक वेळा माणसं टेकडीवर जातात.

'तुझ्या घराचं काय झालं?' असं मुलाला विचारू नका, आणि पाहुण्यांनाही विचारू देऊ नका. पाहुणे फोन काढून चित्रीकरण करायला लागले तर सरळ थांबवा. मूल आपणहून म्हणालं, 'मॅडम, आमची शेळी वाहून गेली,' तर ऐका. 'दुसरी मिळेल' म्हणायची घाई नको. 'कशी होती ती? नाव काय होतं?' एवढं पुरतं. मग हवं तर तिचं चित्र.

अंथरूण ओलं करणं, आईला सोडत नसणं, पाऊस वाजला की दचकणं हे सुरुवातीला पुष्कळ मुलांत दिसतं आणि रोजची घडी बसली की बहुतेकांचं ओसरतं. महिना उलटला तरी मूल जेवत-झोपत नसेल, बोलणंच बंद झालं असेल किंवा मरणाच्या गोष्टी करत असेल तर आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

जी मुलं गोलात दिसत नाहीत

दहा-बारा वर्षांच्या मुली. त्या चुलीपाशी असतात किंवा कडेवर लहान भाऊ असतो. त्यांना 'बाळ घेऊन ये' म्हणा आणि कोपऱ्यात गोधडी अंथरून तान्ह्यांची जागा करा. एखादी आजी तिथे बसायला आनंदानं तयार होते. मैदान बहुधा क्रिकेटवाले पोरं अडवून बसतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा वेळ वाटून द्या. तेरा-चौदाच्या पोरांना खेळायला बोलावलं की ती लाजतात, पण पंच व्हायला, गुण लिहायला, लहानांना अष्टाचंगा शिकवायला लगेच येतात.

ऐकू न येणाऱ्या किंवा चालू न शकणाऱ्या मुलासाठी वेगळा खेळ शोधत बसू नका. खेळाचा नियम बदला. शिट्टीऐवजी फडकं हलवा. लंगडीत त्याला टिपणारा करा, बसल्या जागेवरून.

हाताशी काय घ्यायचं नाही

गुंजा दिसायला सुंदर आणि मोजायला सोयीच्या, पण बी फुटून पोटात गेली तर जीव जाऊ शकतो. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात नि दवाखान्यात भरती होतात. एरंडी, धोतरा तसेच. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या आसपास चिंचोके आणि गोटेही नकोत, ते नाका-घशात जातात.

सगळ्यात वाईट म्हणजे फवारणीच्या औषधाचे डबे. पुरात ते वाहत येतात, रंगीत असतात, मुलं त्यांची गाडी करतात. धुऊनही वापरायचे नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले हे आपण पाहिलंय. मुलांनाच डबे ओळखायला शिकवा: लेबलवरचा विषाचा त्रिकोण कुठे दिसतो ते दाखवा आणि हात न लावता मोठ्यांना सांगणाऱ्याचं कौतुक करा.

ऊन आणि वाघ

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, म्हणूनच आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. उन्हाळ्यात हाच दीड तास सकाळी सातला घ्या आणि साडेआठला आटपा. पळायचे खेळ आधी, नंतर सावलीत बैठे खेळ, दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी. मूल बरळायला लागलं किंवा अंग तापून सुस्तावलं तर सावलीत न्या, कपडे सैल करून ओल्या फडक्यानं अंग पुसा आणि १०८ ला फोन करा.

वाघाची भीती असलेल्या गावात, म्हणजे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलच्या पट्ट्यात, झुडपाला लागून खेळ घ्यायचाच नाही. रेसटीप तर बंदच, कारण त्यात मूल एकटं दडून बसतं. उजेड असतानाच आटपा आणि मुलांना घोळक्यानं, मोठ्या माणसासोबत घरपोच करा.

गावात परतल्यावर

पाणी उतरलं की मोठी माणसं चिखल उपसण्यात गुंततात आणि दीड तास तुटतो. नेमकं याच आठवड्यात तो टिकवा, मग झाडाखाली का होईना. निवाऱ्यातलेच गाणे, तीच वेळ, तीच माणसं. घरात गाळ असताना मुलं आतबाहेर करण्यापेक्षा तिथे असलेली बरी, हे आईबापांनाही पटतं.

रोज तीन मुलांविषयी एकेक ओळ वहीत लिहीत गेलात तर शाळा सुरू होताना गुरुजींच्या हातात काहीतरी नेमकं असेल: 'दान बोट न लावता मोजते', 'झडती वाचली, जोडाक्षराला अडली', 'चार दिवसांपासून बोलत नाही, पण चेंडू झेलतो'. परत आल्या आल्या परीक्षा घेऊ नका, ही वही वाचा.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर पुस्तकं, दप्तर, दाखले भिजलेल्या किंवा वाहून गेलेल्या मुलांची यादी करा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीनं मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांकडे द्या. यादीत इयत्ता, माध्यम आणि गणवेशाचं माप लिहा, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.